अस्थिमज्जा खिळा
मांडी, नडगी यांसारखी लांब हाडे मोडली असता तुकडे स्थिर राखण्यासाठी हाडाच्या मज्जा-पोकळीत बसविण्यात येणारी धातूची दांडी. ही पद्धत रूढ होण्यापूर्वी ऊर्वस्थिभंगाच्या रुग्णास पायाला वजन बांधून कित्येक आठवडे अंथरुणात पडून राहावे लागे. त्यामुळे सांधे ताठरत व स्नायू क्षीण होत. जर्मन शस्त्रक्रियातज्ञ गेरहार्ट क्युंचर (१९००–७२) यांनी १९३९ मध्ये कील येथे रुग्णाच्या ऊर्वस्थीत असा खिळा बसविला व १९४० मध्ये बर्लिन येथील परिषदेत ही पद्धत मांडली. मज्जेचा नाश होईल, मेदकण रक्तात शिरतील, या भीतीने तीस विरोध झाला. दुसऱ्या महायुद्धात मात्र जखमी युद्धकैद्यांवरही ती वापरली गेली आणि ते मायदेशी परतल्यावर क्ष-किरण चित्रांतील खिळे पाहून तेथील डॉक्टर चकित झाले. विरोधकांना उत्तर मिळाले, ते अशा चालत्या रुग्णांकडून.

क्युंचर यांचा त्रिदल छेदाचा पोकळ खिळा आत शिरताना दबतो व स्थितिस्थापकत्वामुळे फुलून हाडाची आतील भिंत पकडतो. हाडाच्या अक्षाजवळ असल्याने तो भार चांगला पेलतो. चुरा झालेल्या हाडात मात्र त्याने तुकडे फिरणे व हाड आखूड होणे टळत नसे. पुढे खिळ्यातून आडवे स्क्रू घालून हा दोष दूर करण्यात आला. प्रौढांच्या ऊर्वस्थिदंडाच्या भंगावर आता हाच प्रमुख उपचार आहे.