दोन मुलं, एक हॅचबॅक: मोठ्याची आणि तान्ह्या बाळाची कार सीट कशी बसवायची?

घरात बाळ येणार असलं की पाळणा, दुपटी, बारशाचा हॉल, सगळ्याची यादी तयार असते. गाडीत ते बाळ कुठे बसणार, हा प्रश्न मात्र डिस्चार्जच्या दिवशी दवाखान्याच्या दारात उभं राहून सोडवला जातो. त्यात घरात आधीच दोन-अडीच वर्षांचं एक पात्र असेल, तर मागची सीट म्हणजे कोडंच. बहुतेक घरांत गाडी चालवणारे आणि ऑनलाइन खरेदी करणारे तुम्हीच असता: मामा, मावशी, काका किंवा माझ्यासारखी आत्या. दादा-वहिनीच्या पाच सीटच्या हॅचबॅकमध्ये दोन कार सीट बसवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा टेप घेऊन मोजमाप केलं आणि मॅन्युअल वाचली. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने सांगते.

मांडीवर घेतलं तर काय बिघडतं?

आपल्याकडे ठरलेलं उत्तर: "मी घट्ट धरते ना." जरा गणित करून बघू. जालना रोडवर गाडी ताशी ५० किमीने चालली आहे, म्हणजे सेकंदाला साधारण १४ मीटर. या वेगाने आपटणं म्हणजे जवळपास १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपला, बेल्ट ताणला गेला आणि थांबायला अर्धा मीटर मिळाला असं धरा. तरी १० किलोच्या मुलाला धरून ठेवायला सरासरी २०० किलो वजन पेलण्याएवढा जोर लागतो. ४ किलोच्या तान्ह्या बाळासाठी ८० किलो. आणि हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा कमी वेळात होतं. हात कितीही प्रेमाचे असोत, त्यांना हे जमत नाही.

समृद्धी महामार्गावर कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किमी आहे. वेग ६० वरून १२० झाला की धडकेची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. सावंगी किंवा माळीवाड्याहून समृद्धीवर चढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आलं. १४ वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेलं नसेल, तर १,००० रुपये दंड आहे. कायद्यात "किंवा" असलं तरी मोठ्यांचा बेल्ट दोन-तीन वर्षांच्या मुलाला बसत नाही. वरचा पट्टा गळ्यावर येतो, खालचा पोटावर. त्या वयात चाइल्ड सीट हाच खरा पर्याय.

"आमची गाडी पाच स्टार आहे" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये मुलांच्या सुरक्षेला वेगळे ४९ गुण असतात. त्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे चाइल्ड सीटमध्ये बसवलेले असतात. म्हणजे सीटच नसेल, तर ते स्टार तुमच्या मुलाला लागू होत नाहीत.

सीटचे प्रकार

• इन्फंट कॅरियर: जन्मापासून १३ किलोपर्यंत. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. वर हँडल असतं, झोपलेल्या बाळासकट उचलता येतं.
• कन्व्हर्टिबल: जन्मापासून साधारण १८ किलोपर्यंत. आधी मागे तोंड, नंतर पुढे तोंड करून.
• ९ ते ३६ किलोची सीट: आधी आतल्या पट्ट्यांनी म्हणजे हार्नेसने, नंतर तीच सीट बूस्टर म्हणून गाडीच्या बेल्टसोबत.
• बूस्टर: मुलाला उंच बसवून गाडीचा बेल्ट खांद्यावर आणि मांड्यांवर नीट आणतो. मूल साधारण १३५ ते १५० सेंमी उंच होईपर्यंत लागतो.

मागे तोंड कशासाठी? तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान कच्ची असते. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं, जोर वाटला जातो. पुढे तोंड असेल तर पट्टे शरीर अडवतात आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. म्हणून सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर मागे तोंडच ठेवावं. "पाय दुमडतात" ही अडचण नाही, मुलं मजेत मांडी घालून बसतात.

लेबलवर काय बघायचं?

सीटच्या मागे किंवा खाली नारिंगी लेबल असतं. त्यावर आर ४४ किंवा आर १२९ हा युरोपीय नियमांचा क्रमांक दिसतो. आर ४४ वजनावर चालतो. आर १२९ म्हणजेच आय-साइज हा नवीन नियम उंचीवर चालतो, त्यात बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी असते आणि किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. यातलं काहीच नसेल, तर कितीही गुबगुबीत दिसली तरी ती फक्त खुर्ची आहे.

आयसोफिक्स म्हणजे काय?

मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते, तिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले दोन लोखंडी गज असतात, एकमेकांपासून २८ सेंमीवर. चाइल्ड सीटचे दोन हात त्यात खटकन बसतात. फोनला चार्जर लावण्याइतकं सोपं, म्हणून बसवताना चुका कमी होतात. पण दोन बिंदूंवर सीट पुढे कलंडू शकते. त्यासाठी तिसरा आधार लागतो: एक तर सीटच्या मागे जाणारा टॉप टेदर पट्टा, नाहीतर जमिनीवर टेकणारा पाय. टेदरचा हुक सामान अडकवायच्या कडीत लावू नका, खरी जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते.

आयसोफिक्स नसेल तर तीन बिंदूंच्या बेल्टनेही बऱ्याच सीट बसतात. नीट बसवली तर तीही सुरक्षित असते, फक्त मेहनत जास्त.

कोण कुठे बसणार?

आयसोफिक्स बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या जागांवर असतं. म्हणजे एक मूल डावीकडे, एक उजवीकडे. कोणतं कुठे, हे मी या क्रमाने ठरवलं:

१. पुढची सीट बाद. समोर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट तिथे कधीच लावायची नाही. एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे फुटते.

२. लांबी. मागे तोंड असलेली सीट पुढच्या सीटची जागा खाते. ड्रायव्हरला स्टीअरिंगला चिकटून बसवता येत नाही, शेजारच्याची सीट मात्र पुढे सरकते. आमचा दादा उंच आहे, त्यामुळे तान्ह्या बाळाची जागा डावीकडे ठरली आणि मोठ्याची दादाच्या मागे.

३. फुटपाथ. डावं दार रस्त्याच्या कडेला उघडतं. बाळाला शांतपणे काढता-घालता येतं. उजवं दार रहदारीत उघडतं, म्हणून मोठ्याला आधी एका माणसाने दारापाशी उभं राहायचं, मगच बाहेर काढायचं. दोन्ही दारांचं चाइल्ड लॉक चालू.

४. रुंदी. अनेक सीट ४४ सेंमीच्या आसपास रुंद असतात. हॅचबॅकची मागची जागा खांद्यापाशी साधारण १३० सेंमी धरली, तर मध्ये उरतात ४२ सेंमी. बारीक माणूस बसतो, पण मधल्या जागेला तीन बिंदूंचा बेल्ट आहे का आणि त्याचं बकल हाताला लागतं का, हे विकत घेण्याआधी बघा.

ड्रायव्हर बुटका असेल आणि मागे पुरेशी जागा उरत असेल, तर उलट व्यवस्थाही चालते: बाळ कॅरियरसकट उजवीकडे, स्वतः उतरणारं मोठं मूल फुटपाथच्या बाजूला.

नवीन किती सीट घ्यायच्या?

मोठ्यासाठी आधीच कन्व्हर्टिबल सीट असेल, तर ती धाकट्याला द्या आणि मोठ्यासाठी ९ ते ३६ किलोची घ्या. ती पुढे बूस्टर होते, त्यामुळे बरीच वर्षं तिसरी खरेदी लागत नाही. तीन अटी: जुनी सीट अपघातात सापडलेली नसावी, तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी, आणि तान्ह्या बाळाची आतली गादी शिल्लक असावी. इतिहास माहीत नसलेली सेकंडहँड सीट घेऊ नका, आतला तडा बाहेरून दिसत नाही.

बसवल्यावर तपासणी

• सीट जिथे बांधली आहे तिथे धरून हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलायला नको.
• तान्ह्या बाळाचा कल साधारण ४५ अंश. सीटवर खूण असते. नसेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या भागावर फोनचं लेव्हल ॲप ठेवून बघा. फार उभी असेल तर डोकं छातीवर पडतं आणि श्वास अडतो.
• मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यावेत. पुढे तोंड असताना किंचित वरून.
• खांद्यापाशी पट्टा चिमटीत पकडून बघा. चिमटीत आला तर सैल आहे.
• बाळाला दुपट्यात गुंडाळून बसवू नका, जाड स्वेटरही नको. आधी पट्टे, मग वरून दुपटं.

आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बकलचा लोखंडी भाग चटका देतो. उन्हात गाडी लावली तर सीटवर पांढरी चादर टाका, आणि बसवण्याआधी बकलला स्वतः हात लावून बघा. दोन मिनिटांसाठीही मुलांना बंद गाडीत सोडू नका. पुण्याला जाताना अहिल्यानगरच्या आसपास थांबाच. लहान बाळाला दोन तासांपेक्षा जास्त सलग त्या सीटमध्ये ठेवू नये, घरी आणून त्यातच झोपवूही नये. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना विचारा.

जागा पुरत नाही तेव्हा

खरा वाद इथे होतो. दोन सीट लावल्या की पाच सीटची गाडी व्यवहारात चार माणसांची होते. आजी-आजोबा दोघांनाही यायचं असतं, आणि कुणीतरी म्हणतं, "एक सीट डिकीत टाका, धाकट्याला मी घेते." आमच्याकडे आईने हेच सुचवलं होतं. मी तिला ८० किलोचा हिशोब सांगितला. आता ती मध्ये बसते, एक हात धाकट्याच्या पोटावर, दुसऱ्या हाताने मोठ्याला बिस्कीट. बाबा दुसऱ्या गाडीने येतात.

नियम एवढाच ठेवा: जागा कमी पडली तर मोठ्या माणसाने जागा सोडायची, मुलाने नाही. मोठी माणसं रिक्षाने येऊ शकतात, बसने येऊ शकतात, पुढच्या फेरीला येऊ शकतात. आणि हे डिस्चार्जच्या दिवशी नाही, तारखेच्या महिनाभर आधी ठरवा. सीट आणा, बसवा, मोठ्याला त्याच्या नव्या जागेची सवय होऊ द्या. पहिल्या प्रवासाला बाळ घरी येईल तेव्हा त्याची जागा तयार असेल.