पाच पाण्यांचे नाव : पंजाबराव

वऱ्हाडात पंजाबराव हे नाव ऐकून कोणी दचकत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ते आहे, अमरावतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आहे आणि खेड्यापाड्यांतल्या जुन्या सातबाऱ्यांवरही आहे. वऱ्हाडाबाहेरच्या मराठी माणसाला मात्र प्रश्न पडतो. पापळसारख्या गावातल्या देशमुखांच्या घरी जन्मलेल्या मुलाचे नाव एका दूरच्या प्रांताचे कसे? हे नाव कोणत्या देवाचे नाही, पुराणातल्या राजाचे नाही, सणावारावरूनही आलेले नाही. तरीही ते इथे इतके रुळले की परके वाटेनासे झाले. या रुळण्यात वऱ्हाडाच्या चारशे वर्षांचा इतिहास साठलेला आहे.

आधी शब्द उलगडून पाहू. 'पंज' म्हणजे पाच आणि 'आब' म्हणजे पाणी. झेलम, चिनाब, रावी, बियास आणि सतलज या पाच नद्यांचा प्रदेश तो पंजाब. शब्द फारसी आहे, पण फारसी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या बहिणी असल्याने तो आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. फारसीतला 'पंज' तोच संस्कृतातला 'पंच'. फारसीतला 'आब' हा संस्कृतातल्या 'अप्' या शब्दाचा सख्खा भाऊ. याच 'अप्'चे अनेकवचन 'आपः', ज्यांना ऋग्वेदात देवता मानले आहे. पाण्यात जन्मलेले ते 'अब्ज', म्हणजे कमळ, याही शब्दात तोच धातू दडलेला आहे. महाभारतात या प्रदेशाला 'पंचनद' म्हटले आहे. पंचनद आणि पंजाब यांचा अर्थ एकच, फक्त बोलणारे तोंड वेगळे.

मराठीने हा 'आब' एकदा नव्हे, अनेकदा घरात घेतला. 'आब' म्हणजे पाणी, त्यावरून तेज, त्यावरून प्रतिष्ठा. म्हणून आपण माणसाचा आब राखतो. 'आबरू' म्हणजे मूळ अर्थाने चेहऱ्यावरचे पाणी. अबकारी खात्याच्या नावातही तेच पाणी आहे. 'गुलाब' या शब्दाचा फारसीत अर्थ होता गुलाबपाणी. आपल्याकडे येताना अत्तरदाणीतले पाणी मागे राहिले आणि फूल तेवढे उरले. अरबीची वाट धरून हाच शब्द 'जुलाब' झाला आणि वैद्याच्या पोतडीत जाऊन बसला. म्हणजे वऱ्हाडातली गुलाबराव आणि पंजाबराव ही दोन नावे एकाच पाण्यावर वाढलेली आहेत.

नावाचा दुसरा भाग 'राव'. तो संस्कृत 'राजन्' शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आला आहे. वऱ्हाडात लहानपणीचा 'पंजाब्या' मोठा झाला, त्याच्या शब्दाला चावडीवर वजन आले की त्याचा पंजाबराव होतो. पहिला अर्धा भाग फारसी, दुसरा अर्धा प्राकृत, आणि जोडणारी जीभ मराठी. असा जोड या भूमीत कसा बसला?

1490 मध्ये बहमनी राज्य फुटले तेव्हा फतेहउल्ला इमादउल्मुल्क याने वऱ्हाडात इमादशाहीची स्थापना केली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही तिची राजधानी. गाविलगड आणि नरनाळा हे तिचे बळकट किल्ले. हा फतेहउल्ला मुळात विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला हिंदू मुलगा होता, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकले आणि 1596 मध्ये चांदबीबीला ते अकबराच्या स्वाधीन करावे लागले. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याची नोंद आहे आणि लाहोर सुभ्याचीही. पूर्णेचे खोरे आणि पाच नद्यांचे खोरे एकाच दप्तरात, एकाच हिशेबाच्या पद्धतीने मांडले गेले.

पुढे 1724 मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामउल्मुल्कने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही राजवट उभी राहिली. वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा सामाईक अंमल चालला. 1803 मध्ये अकोल्याजवळच्या आडगावची लढाई आणि मग गाविलगडाचा पाडाव झाला, तेव्हा भोसल्यांचा वाटा संपला. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. इमादशाहीपासून मोजले तर साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ या मुलखाच्या राज्यकारभारावर फारसीची छाप होती.

त्या कारभाराचा गावाशी जोडणारा दुवा म्हणजे देशमुख, देशपांडे आणि पाटील. वतनाची सनद, साऱ्याची वसुली, जमिनीची प्रत, सारे या शब्दांतून चाले. दप्तर, तहसील, जमीन, बागायत, जिरायत, खरीप, रब्बी हे शब्द वऱ्हाडी शेतकरी आज परके मानत नाही, कारण ते त्याच्या बांधापर्यंत येऊन मुरले. शब्दांमागोमाग नावे आली. दरबारातून दौलतराव, हिंमतराव, साहेबराव आले. दर्ग्याच्या नवसातून पिराजी आणि फकिरा आले. पीराला नवस बोलून झालेल्या मुलाला त्याचे नाव देणे ही दख्खनची जुनी रीत. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. त्याच शहाजीराजांना वऱ्हाडातल्या सिंदखेडच्या जाधवांची लेक जिजाऊ दिली गेली. शिवाजी महाराजांनी पुढे 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण तो कोश कारभाराच्या शब्दांचा होता, माणसांच्या नावांचा नव्हता. स्वराज्याच्या संस्थापकाच्या वडिलांचेच नाव शहाजी होते आणि त्यात कोणाला काही खटकले नाही.

ही नावे किती खोल गेली होती याची दोन उदाहरणे एकट्या अमरावती जिल्ह्यात आहेत. पहिले संत गुलाबराव महाराजांचे. 1881 मध्ये लोणी टाकळी इथे मोहोड घराण्यात त्यांचा जन्म झाला. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. माधानचे हे प्रज्ञाचक्षू स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी म्हणवीत. 1915 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, तोवर वेदान्त, भक्ती, योग, आयुर्वेद अशा विषयांवर त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेतले होते. नाव फारसी फुलाचे, विचार अद्वैताचा आणि भाव गोपीचा.

दुसरे उदाहरण डॉ. पंजाबराव देशमुखांचे. 27 डिसेंबर 1898 रोजी पापळला त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख झाले. ते विलायतेत शिकले आणि बॅरिस्टर झाले. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने 1933 मध्ये काढला. ज्याच्या नावात 'आब' आहे तो माणूस 'आपः'ची स्तुती करणाऱ्या सूक्तांचा अभ्यासक झाला. आपल्या नावात आणि आपल्या विषयात विसंगती आहे असे मानून नाव बदलण्याची गरज त्यांना भासली नाही.

अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून 1927 मध्ये झालेल्या चळवळीत ते पुढे होते. 1932 मध्ये त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची मुले कॉलेजात जाऊ लागली. संविधान सभेत ते होते. तिथल्या कामकाजात त्यांची नोंद पी. एस. देशमुख अशी आहे. त्या एका 'पी'मध्ये पंजाब झाकला गेला होता, आणि तोही नेमका कधी? खरा पंजाब दुभंगला त्या वर्षांत. 1952 पासून दहा वर्षे ते केंद्रात शेतीचे मंत्री होते. त्याच काळात, सप्टेंबर 1960 मध्ये, सिंधू पाणीवाटपाचा करार झाला. रावी, बियास, सतलज भारताकडे आल्या. झेलम आणि चिनाब सिंधूसह पाकिस्तानकडे गेल्या. नावातली पाच पाणी तीन आणि दोन अशी वाटली गेली.

10 एप्रिल 1965 रोजी पंजाबराव गेले. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, पण संस्थांनी पाळण्यातले नाव घेतले. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याला त्यांच्या नावाने कृषी विद्यापीठ सुरू झाले. लोकांनी त्याचे 'पीकेव्ही' केले आणि ती अक्षरे बियाण्यांच्या वाणांना लागली. हरभऱ्याच्या एका वाणाचे नाव 'पीकेव्ही काबुली'. पंजाब आणि काबूल, दोन्ही एका थैलीवर, आणि पेरणी बार्शीटाकळीच्या काळ्या मातीत! ज्या पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाण्याचा खारपाणपट्टा पसरला आहे, जिथे विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही, तिथल्या शेतीच्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या नावात पाच गोड्या नद्यांचे पाणी आहे.

आज मात्र पाळण्यात पंजाब ठेवणारे घर विरळाच. मराठवाड्यातल्या पंजाबराव डखांच्या पावसाच्या अंदाजांमुळे हे नाव मोबाइलवर पुन्हा फिरू लागले, पण बारशाला ते कोणी सुचवत नाही. शाळेच्या हजेरीपटावर वेदांत, अथर्व, आरव आहेत. पंजाबराव, अजाबराव, गुलाबराव आजोबांच्या रकान्यात गेले आहेत. नावांची हवा बदलते, त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. पंजाबरावांच्या पिढीनेही आपल्या आजोबांची सगळी नावे पुढे नेली नसतील.

काळजीची बाब वेगळी आहे. अलीकडे नावाची पारख ते 'आपले' आहे की 'त्यांचे', यावर होऊ लागली आहे. शब्दाचे मूळ संस्कृत निघाले तर शुद्ध, फारसी निघाले तर उपरे. या तराजूवर गुलाबराव महाराजांचा वेदान्त आणि पंजाबरावांचे वेदाध्ययन कोणत्या पारड्यात ठेवायचे? फारसी शब्द काढत गेलो तर वऱ्हाडी शेतकऱ्याला खरीप पेरता येणार नाही आणि जमीनही उरणार नाही. 'पंज' फेकायला निघालेल्या हाताला 'पंच'ही लागतो, कारण दोन्हींचे मूळ एक आहे.

पापळच्या ज्या घराने 1898 च्या हिवाळ्यात मुलाला हे नाव दिले, त्याने शब्दकोश उघडून पाहिला नव्हता. त्याला नाव भारदस्त वाटले, राव जोडल्यावर शोभले, आणि ते आपल्याच भाषेतले वाटले. ते वाटणे बरोबर होते. भाषा ज्यांची असते, नावेही त्यांचीच होतात; त्यासाठी ती कुठून आली याचा दाखला वऱ्हाडाने कधी मागितला नाही.