नवशिक्षक, प्राथमिक (कुळगाव–बदलापूर परिसर)

प्राथमिक शाळेत पहिलीच नेमणूक मिळालेला शिक्षक. त्याची नोकरीपूर्व तयारी आणि रुजू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत मिळणारे पाठबळ, असे या विषयाचे दोन भाग पडतात. महाराष्ट्रात पहिल्या भागाला नियमांची भक्कम चौकट आहे. दुसरा भाग मात्र बराचसा सहकाऱ्यांच्या चांगुलपणावर चालतो.

कुळगाव हे ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील जुने गाव आज कुळगाव–बदलापूर नगरपरिषदेचा भाग आहे. 2001 मध्ये लाखाच्या आत असलेली शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1,74,226 झाली. लोकलच्या वेळापत्रकावर जगणारी गृहसंकुले एकीकडे आणि बारवी धरणाच्या बाजूचे ठाकूर-कातकरी पाडे दुसरीकडे, अशी इथल्या शाळांची पटसंख्या दोन टोकांची आहे. त्यामुळे एकाच तालुक्यात नेमणूक झालेल्या दोघा नवशिक्षकांपुढची कामेही एकसारखी नसतात.

तयारी : पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका (लोकांच्या तोंडी अजून ‘डीएड’च) हा रूढ मार्ग आहे. छात्राध्यापक पाठ टाचण लिहितात, सराव पाठ घेतात आणि आंतरवासितेत शाळेचा दिनक्रम पाहतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 1986 नंतर देशभर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) निघाल्या. ठाणे जिल्ह्याची डाएट बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक-प्रशिक्षणाचे मुख्य ठिकाण कुळगावच्या शेजारीच आहे.

पदविका झाली म्हणजे नोकरी लागली, असे मात्र नाही. शिक्षणहक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) अनिवार्य झाली. राज्यात ती प्रथम डिसेंबर 2013 मध्ये झाली. 2017 पासून तिच्यावर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचा (टेट) आणखी एक थर चढला. तिच्या 200 गुणांपैकी 120 अभियोग्यतेला आणि 80 बुद्धिमत्तेला असतात, आणि त्या गुणांवर पवित्र पोर्टलमार्फत शाळा मिळते. वशिला आणि देणगीच्या जुन्या तक्रारींवर हा उपाय योग्यच होता. तरीही एक उणीव उरते : या दोन्ही परीक्षांत उमेदवाराला चाळीस मुलांसमोर उभे राहून शिकवताना कोणी पाहत नाही. 11 ऑगस्ट 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठी पात्रता ठरत नाही असा निर्णय दिला. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे, हे त्यामुळे कायद्यानेही मान्य झाले.

पहिली वर्षे : राज्यात 2000 पासून शिक्षणसेवक योजना आहे. नवशिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो आणि त्यानंतर वेतनश्रेणीत येतो. प्राथमिकचे मानधन बराच काळ 6,000 रुपयांवर अडकले होते. 2023 मध्ये ते 16,000 झाले. विदर्भ-मराठवाड्यातून येऊन बदलापुरात खोली घेणाऱ्याला त्यातूनच भाडे, डबा आणि पाड्यापर्यंतच्या रिक्षाचा खर्च भागवावा लागतो. या काळाला उमेदवारी म्हणावे, तर शिकवणारा उस्तादही नेमून द्यायला हवा होता. योजनेत पगाराची कपात नेमकी आहे. मार्गदर्शनाची बाजू मोघमच राहिली.

खरी कसोटी वर्गरचनेची असते. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे पाच इयत्ता आणि दोन गुरुजी, त्यातला एक बहुधा मुख्याध्यापकाचा कार्यभार सांभाळणारा. पहिलीला अक्षरओळख चालू असताना तिसरीला भागाकार द्यायचा, ही बहुवर्ग अध्यापनाची कला सराव पाठात फारशी येत नाही, कारण तो पाठ एका इयत्तेचा आणि एका तासाचा असतो. भाषेचा प्रश्न आणखी वेगळा. मुलाच्या घरची ठाकरी, कातकरी किंवा आगरी बोली दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला नवी असते, आणि मुलाला पाठ्यपुस्तकाची मराठी नवी असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून जाणारी कुटुंबे हाही अनुभव पहिल्याच वर्षी येतो. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, यूडायसची माहिती आणि निवडणुकीची कामे असतातच.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरातील एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि 20 ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखली. दुसऱ्याच दिवशी शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी इत्यादींविषयी निर्णय काढला. पॉक्सो कायद्यानुसार (2012) अशी माहिती कळताच पोलिसांना देणे बंधनकारक असून ती दडवणे हा गुन्हा आहे. मूल काही सांगू लागले तर काय विचारावे, काय विचारू नये आणि कोणाला कळवावे, हे नवशिक्षकाला वर्गाचा ताबा देण्यापूर्वी शिकवले पाहिजे. परिपत्रकावर सही घेऊन ते शिकवल्यासारखे होत नाही.

पाठबळ : 1994 मध्ये राज्यभर शाळांच्या समूहांची (केंद्रांची) रचना झाली आणि 4,860 केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. मूळ कल्पना उत्तम होती. जवळपासच्या शाळांनी केंद्रशाळेत एकत्र यावे, शिक्षण परिषद भरवावी, एकाने पाठ घ्यावा आणि इतरांनी तो पाहून बोलावे, असा तिचा हेतू होता. ही बैठक अध्यापनावर चालली, तर नवशिक्षकाला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. ती माहिती गोळा करण्यावर गेली, तर दिवस वाया जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला 50 तासांचा व्यावसायिक विकास सुचवला. त्यातला मोठा भाग पडद्यावर पाहून पुरा होतो, आणि अशा तासांना शेजारच्या वर्गातल्या अनुभवी बाईंच्या अर्ध्या तासाची सर येत नाही.

ठाणे जिल्ह्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. आज पालघर जिल्ह्यात (स्थापना 1 ऑगस्ट 2014) असलेल्या बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणातच बालशिक्षण नेले आणि स्थानिक साधनांवर शिकवू शकणाऱ्या कार्यकर्त्या घडवल्या. तिथे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष शिकवणे एकाच जागी चालत असे. आजच्या संचमान्यतेत विद्यार्थीसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरतात. नवशिक्षकाच्या मार्गदर्शकाचे स्वतंत्र पद तीत नाही.