जुन्या मोटारीचें मूळपण

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुतेक देवळांसाठीं राखून ठेवलेला आहे. पडक्या शिखरास चुना लावला, गाभाऱ्यांत चकचकीत फरशी घातली, नंदीस तैलरंग दिला, कीं जीर्णोद्धार झाला असें समजण्याची आपली रीत आहे. आणि त्या रंगाखालीं पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणा कायमच्या बुजल्या याबद्दल हळहळणारा मनुष्य गांवांत एखादाच आढळतो. अलीकडे हीच क्रिया जुन्या मोटारगाड्यांवर होऊं लागली आहे, आणि तिच्यांतील गुणदोषही तेच आहेत. गाडी नव्यासारखी झाली म्हणजे ती जुनी राहिली काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं शब्दांचा खेळ वाटेल. परंतु ज्या वस्तूंचे कारखाने नाहींसे झाले आहेत त्यांच्या बाबतींत तो इतिहासाच्या साधनांचा प्रश्न होतो, आणि त्या दृष्टीनेंच येथें त्याचा विचार करावयाचा आहे.

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा नांवाचीं दोन ठिकाणें आहेत. एक ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरें डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ रस्त्यावर. या दुसऱ्या मानपाड्याच्या परिसरांत प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना होता. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं भागी करून 'प्यूजो ३०९' ही गाडी येथें काढण्यांत आली, आणि थोड्याच वर्षांत तो संसार मोडलाही. आज तेथें मोटार तयार होत नाहीं; आसपास उंच गृहसंकुलें उभीं आहेत, आणि 'प्रीमियर' हें नांव उरलें आहे तें मुख्यतः पत्ता सांगण्यापुरतें. कुर्ल्याच्या मूळ कारखान्याचीही गत निराळी झाली नाहीं. कारखाना जातो तेव्हां त्याचे साचे, आराखडे आणि कामगारांच्या हातांतील कसब हींही पांगतात. मागें राहतात त्या त्यांतून बाहेर पडलेल्या गाड्या. कारखान्याचा इतिहास त्यांच्या पत्र्यावरच वाचावा लागतो. म्हणून त्या पत्र्याचें काय करावें ही गोष्ट केवळ हौशी धनिकांच्या मर्जीवर सोडतां येत नाहीं.

हा इतिहास थोडक्यांत सांगतों. हिंदुस्थानांत मोटारी घडविल्या जाव्या अशी योजना विश्वेश्वरय्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत मांडली होती. ती अंगावर घेतली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं. विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही गोष्टी स्वदेशांत व्हाव्या असा त्यांचा हट्ट होता. बंगळूरचा विमानांचा कारखाना १९४० सालीं व विशाखापट्टणची गोदी १९४१ सालीं निघाली, मोटारीस मात्र युद्धानें अडवून धरलें. प्रीमियर कंपनी १९४४ सालीं स्थापन झाली, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या साह्यानें कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं पहिली गाडी बाहेर पडली. त्यापूर्वीं शिवडीस जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून शेव्हरोलेट गाड्या जोडीत होती. पण पेटींतून आलेले भाग जोडणें वेगळें, आणि ते भाग येथें घडविणें वेगळें. स्वातंत्र्यानंतर सरकारनें नुसत्या जोडणीचा धंदा नको असें धोरण ठरविलें, तेव्हां शिवडीचें काम १९५४ च्या सुमारास बंद झालें. प्रीमियरनें तोपर्यंत इटलीच्या फियाट कंपनीशीं संधान बांधलें होतें. वालचंद १९५३ सालीं वारले. ज्या गाडीमुळें त्यांच्या कारखान्याचें नांव घरोघरीं पोंचलें ती पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

ती गाडी म्हणजे फियाटची 'अकराशें'. १९५४ सालीं ती कुर्ल्यास निघूं लागली. अंग गोलसर, पाठ फुगीर. लोकांनीं तिचें नांव 'डुक्कर फियाट' ठेवलें, आणि कारखान्यानें दिलेल्या सर्व सोज्ज्वळ नांवांहून तेंच अधिक टिकलें. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागील कडेला असत. साडी नेसलेल्या बाईस उतरण्यास हें सोयीचें. धांवत्या गाडींत दार निसटलें तर मात्र वारा तें फाडून उघडी. पुढें १९६४ सालीं चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. हिचा इटालियन नमुना १९६२ चा, आणि तिकडे तो १९६६ सालीं बंदही पडला. आपल्याकडे तेंच शरीर सन २००० च्या सुमारापर्यंत चाललें! फियाटशीं असलेला करार १९७२ सालीं संपल्यावर तिला १९७३ सालीं 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ सालीं चितोडच्या राणीवरून 'प्रीमियर पद्मिनी' म्हणूं लागले. नांवें बदललीं तरी १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें तें इंजिन आणि सुकाणूच्या दांड्याला लागून असलेला गिअर यांनीं दीर्घ काळ साथ दिली. अगदीं अखेरीस कांहीं गाड्यांत तो गिअर खालीं जमिनीवर आला व डिझेलचें इंजिनही बसलें, पण तेव्हां नव्या गाड्यांनीं बाजार कधींच काबीज केला होता.

या दीर्घ आयुष्याबद्दल लाज वाटून घेण्याचा प्रघात आहे. परवान्यांचें राज्य, स्पर्धेचा अभाव, पैसे भरून वर्षानुवर्षें नंबराची वाट पाहणारें गिऱ्हाईक, हें सारें खरें आहे. पण त्याच दीर्घ आयुष्यांत आणखी एक गोष्ट घडली. इटलीहून येणारा एकेक भाग हळूहळू येथें होऊं लागला. आज डायनॅमो, उद्यां दिव्यांच्या कांचा, परवां गिअरचीं चक्रें, असें करीत परदेशी गाडी आंतून स्वदेशी झाली. बाहेरून पाहणाऱ्यास तिचा पत्ताही लागला नाहीं. म्हणून १९५५ ची गाडी, १९६८ ची गाडी व १९८८ ची गाडी एकाच कुळांतील असल्या तरी त्यांचे भाग एक नव्हेत, आणि त्यांतील फरक हाच आपल्या कारखानदारीचा दाखला आहे. पुष्कळ हौशी लोक १९८८ च्या पद्मिनीस जुनी जाळी व जुन्या चाकटोप्या लावून तिला 'डिलाइट' बनवितात, किंवा इटलींतून भाग मागवून तिला 'अस्सल' करतात. हेतु चांगला असतो, फळ मात्र खोटें निपजतें. जी गाडी कुर्ल्यांत जन्मली तिचें अस्सलपण ट्यूरिनमध्यें शोधणें हें, मराठी बखरींतील फारशी शब्द काढून तेथें संस्कृत शब्द घालण्यासारखेंच होय.

बखरीचा दाखला सहज आला, पण तो अगदींच अवांतर नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तींत जेथें पाठ निश्चित नव्हता तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिलेली आहे. संपादकानें श्लोक पुरा केला, पण तो कोठें हात आंखडून पुरा केला हें वाचकापासून लपविलें नाहीं. जुनी मोटार दुरुस्त करणाऱ्यानेंही अशी रेघ द्यावी, असें आमचें म्हणणें आहे. इमारतींच्या जतनासाठीं १९६४ सालीं व्हेनिस येथें कांहीं तत्त्वें ठरलीं होतीं; त्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ सालीं एक सनद मान्य केली, आणि तिला ट्यूरिनचें, म्हणजे फियाटच्याच गांवाचें, नांव आहे. तिचा आशय असा कीं, जतन पहिलें, दुरुस्ती नंतर, आणि नवेंपण देणें सर्वांत शेवटीं. जें बदलाल त्याची नोंद ठेवा, नव्या भागावर खूण करा, आणि काढलेला महत्त्वाचा भाग गाडीबरोबर सांभाळा.

आतां कोणी म्हणेल, गाडी ही पोथी नव्हे. तिचे भाग झिजतात, ते बदलावेच लागतात, आणि सगळे बदलल्यावर मूळपण उरतें कोठें? या शंकेस इंग्लंडांतील एका न्यायालयानें उत्तर दिलेलें आहे. 'ओल्ड नंबर वन' नांवाच्या बेंटली गाडीनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढें शर्यतींसाठीं तिचें इंजिन बदललें, सांगाडा बदलला, अंग बदललें. १९३२ सालीं ब्रुकलँड्सच्या शर्यतींत तिचा भयंकर अपघात होऊन चालक मरण पावला, आणि त्यानंतर तिला पुन्हां निराळें अंग मिळालें. १९९० सालीं ती प्रचंड किंमतीस विकली जात असतां घेणाऱ्यानें हरकत काढली कीं, शर्यत जिंकणाऱ्या गाडीचें हिच्यांत जवळजवळ कांहींच नाहीं. न्यायमूर्ति ऑटन यांनीं निर्णय दिला तो विक्रेत्याच्या बाजूनें. त्यांचा अभिप्राय असा कीं, हिला 'मूळ' गाडी म्हणतां येणार नाहीं, पण ही 'खरी' ओल्ड नंबर वन आहे. कारण तिचें अस्तित्व कधीं खंडित झालें नाहीं, एकीचे तुकडे गोळा करून दुसरी उभारलेली नाहीं. मूळ आणि खरें यांत केलेला हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

फियाटच्या बाबतींत तो विशेष उपयोगी पडतो, कारण तिची रचनाच अडचणीची आहे. फार जुन्या गाड्यांत खालीं लोखंडी सांगाडा आणि वर अंग असे दोन वेगळे भाग असतात. अंग उचलून बाजूस ठेवतां येतें. अकराशें फियाटीस वेगळा सांगाडा नाहीं. पत्र्याचें कवच हाच तिचा कणा. कोंकणपट्टीच्या पावसांत व खाडीच्या खाऱ्या हवेंत तिची तळजमीन आणि दाराखालचे उंबरठे प्रथम गंजतात. मेस्त्री गंजावर ठिगळ मारतो, दहा वर्षांनीं ठिगळावर ठिगळ बसतें, आणि वरून पुटी व रंग यांनीं सर्व पापें झांकलीं जातात. असें वाहन उघडतांना उत्साही मालकाचा हात सैल सुटतो: सगळाच पत्रा कापून नवा घाला! येथेंच थांबावयास पाहिजे. जेवढा गंजला तेवढाच कापावा, त्याच जाडीचा पत्रा जोडावा, आणि चटईखालील जोडाची शिवण घांसून गुळगुळीत करूं नये. सिलिंडर झिजलें तर बोअर करून किंवा आंत नवें अस्तर बसवून तोच ठोकळा वांचवितां येतो. इंजिनाचा आंकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, आणि नोंदणीपुस्तकांतील गाडीची ओळख त्यावर अवलंबून असते. कुर्ल्याच्या भंगारबाजारांतून दुसऱ्या पद्मिनीचें दार आणून बसविणें हें मात्र आम्ही क्षम्य मानतों. तें याच गाडीचें नव्हे, पण याच कारखान्याचें आहे. नोंद ठेवली म्हणजे झालें.

रंगाविषयीं मतभेद पुष्कळ आहेत. जुना रंग फिका पडलेला, कोठें खालचा थर दिसूं लागलेला असा असतो. आजचे रंग आरशासारखे लखलखतात. तशी लकाकी कुर्ल्याहून निघालेल्या नव्या गाडीसही कधीं नव्हती. दिल्लीस लालबहादुर शास्त्री यांच्या स्मारकांत त्यांची फियाट ठेवलेली आहे. पंतप्रधान असतां त्यांनीं ती सुमारें १२,००० रुपयांस घेतली व त्यांतील ५,००० रुपये पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ काढले. १९६६ सालीं ताश्कंद येथें त्यांचा अंत झाला तेव्हां कर्ज फिटलें नव्हतें, तें ललितादेवींनीं पुढें फेडलें. त्या गाडीस हिऱ्यासारखी चकाकी दिली तर पाहणारा वाहवा करील, पण कर्जाची गोष्ट त्याच्या मनास शिवणार नाहीं.

कायद्यानेंही या बाबतींत थोडें लक्ष घातलें आहे. २०२१ सालीं केंद्र सरकारनें जुन्या खाजगी वाहनांसाठीं नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षें होऊन गेलेली, मूळ स्वरूपांत राखलेली आणि जिचा सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नाहीं अशी गाडी 'व्हीए' या अक्षरांखालीं नोंदतां येते. फी २०,००० रुपये. नियम योग्य दिशेचा आहे. पण त्यांत एक फट राहून गेली आहे. १९७४ च्या पद्मिनीस ५० वर्षें २०२४ सालीं पुरीं झालीं. अखेरच्या पद्मिनी त्या वयास पोंचावयास २०५० साल उजाडेल. तोंवर त्यांतील किती भंगारांत जातील हें सांगावयास ज्योतिषी नको. आणि ज्या पद्मिनीनें मुंबईचा रस्ता खरोखर गाजविला, ती काळी-पिवळी टॅक्सी, खाजगी नव्हे म्हणून या नियमांत बसतच नाहीं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या कार्यालयांत नोंदली गेली होती. टॅक्सीस मुंबईंत २० वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. निदान एक तरी जपून ठेवा, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनें केली होती.

अशी एखादी टॅक्सी पुढेंमागें कोणी जतन करावयास घेतली, तर तिला धुऊनपुसून कारखान्यांतून निघालेल्या गाडीचें रूप देण्याचा मोह त्यानें टाळावा. डिकींत सीएनजीची टांकी बसली आणि सामानास जागा उरली नाहीं म्हणून छतावर लोखंडी कॅरिअर आला; तो काढूं नये. आसनांवरचें फुलाफुलांचें रेक्झिन कंपनीचें नव्हे, चालकाच्या आवडीचें आहे. तें फाटलें असेल तर आंतून आधार देऊन शिवावें. डाव्या बाजूस बाहेर जेथें भाड्याचा यांत्रिक मीटर असे, तेथें मीटर गेला तरी त्याच्या स्क्रूंचीं छिद्रें पत्र्यांत राहतात. तीं पुटीनें बुजविण्यापूर्वीं मेस्त्रीस हटकावें.