मास्तर कृष्णराव आणि बँडावरील ‘वंदे मातरम्’

राष्ट्रगीत केवळ कंठांतून निघून भागत नाहीं. तें बँडासही वाजवितां आलें पाहिजे. २५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं घटना समितींत ‘जन गण मन’कडे कौल दिला, तो मुख्यत्वें याच मुद्द्यावर. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदास सोईचें नाहीं, हा आक्षेप खोडून काढण्याचें मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांनीं मनावर घेतलें.

भास्करबुवा बखल्यांचे हे शिष्य मैफलीचे गवई. पण येथें त्यांनीं मैफलीचा मोह आवरला. गळ्यांतील मींड बँडांतील बहुतेक वाद्यांना पेलत नाहीं. त्यांना सुटे, निश्चित स्वर हवेत. म्हणून झिंझोटींतील आपली चाल त्यांनीं समूहास गातां येईल व पावलांच्या ठेक्यावर चालेल अशी सरळ केली, आणि मुंबईच्या पोलीस बँडाचे प्रमुख गार्डनर यांच्या साहाय्यानें ती बँडावर बसविली. दिल्लीसही ती ऐकविली.

२४ जानेवारी १९५० रोजीं ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलें; ‘वंदे मातरम्’ला समान मान मिळाला. निर्णय केवळ चालीवर झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आक्षेपास कृतीनें उत्तर मिळालें होतें, हें विसरूं नये. नागपुरांतील शाळांच्या नवशिक्या बँडांनीं ही चाल अवश्य बसवावी. ती त्यांच्या आवांक्यांतली आहे.