बी फेजचा लग

दिल्ली, ग्रीन पार्क. शुक्रवार, १३ जून १९९७.

सकाळी ६.५५
उपहार सिनेमाच्या तळमजल्यावर, पार्किंगला लागून असलेला दिल्ली विद्युत बोर्डाचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पेटतो. आग विझते. एलटी (लो टेन्शन) बाजूच्या तीन केबली अर्धवट जळाल्या आहेत. याच इमारतीत ६ जुलै १९८९ रोजीही ट्रान्सफॉर्मरनेच पेट घेतला होता.

१०.३०
बोर्डाचे दोन इन्स्पेक्टर आणि एक सीनियर फिटर येतात. बी फेजचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन लग, म्हणजे केबलीच्या टोकाला बसणारे जोड, बदलायचे आहेत. काम किरकोळ. क्रिम्पिंग मशीन वापरलं जात नाही. डाय ठेवून हातोड्याने लग ठोकले जातात. मशीन लग सगळीकडून सारखा आवळतं, आतल्या तारा एकमेकींना घट्ट चिकटतात. हातोड्याने तो चेपतो, आणि आत फट राहू शकते. वरून हलवून पाहिलं तर दोन्ही जोड सारखेच पक्के वाटतात. एलटी म्हणजे फक्त ४३३ व्होल्ट, पण पूर्ण भाराला या बाजूच्या प्रत्येक फेजमधून १,३०० अँपिअरहून जास्त करंट जातो. सैल जोडात त्याची उष्णता होते. केबलींना क्लॅम्प नाहीत, खालून आधारही नाही.

११.३०
ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालू होतो.

दुपारी ३.००
‘बॉर्डर’ आजच लागला आहे. बाल्कनीत ३०२ खुर्च्या. उजवीकडची वाट जादा खुर्च्यांनी अडली आहे. त्या बाजूचा दरवाजा आठ जणांच्या खासगी बॉक्समुळे बंद.

३.५५
भारनियमन. पुढचा तासभर जोडावर भार नाही.

४.५५
वीज येते. बी फेजवर ठिणग्या उडतात. एक केबल सुटून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर लोंबकळते, त्याच्या पात्याला भोक पाडते. तेल गळतं, पेटतं. गळलेलं तेल मुरवणारा खड्डा नियमात आहे, इथे नाही. ट्रान्सफॉर्मरच्या आतला दोष ओळखणारा बुखोल्झ रिले नाही. एलटी बाजूला कसलंही संरक्षण नाही, म्हणजे पुरवठा आपोआप तोडणारं तिथे काहीच नाही. खोलीच्या दारापासून गाड्या जेमतेम एक मीटरवर.

५.०५
ट्रान्सफॉर्मरला वीज देणारा ग्रीन पार्क फीडर ट्रिप होतो, पुरवठा तुटतो. मध्ये दहा मिनिटं गेली आहेत. जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो. बाल्कनीत अंधार, आणीबाणीचे दिवे नाहीत, घोषणा होत नाही.

५.१०
अग्निशमन दलाला फोन.

मृत ५९, जखमी शंभरहून अधिक. मृतांपैकी बहुतेक बाल्कनीतले, धुराने गुदमरलेले.