मांडवावरून तारेवर

खडवलीहून कसारा घाट चढला की माझ्यासाठी द्राक्षांचा मुलूख सुरू होतो. महाराष्ट्राची फेसाळती वाइन मात्र आधी नावारूपाला आली ती नारायणगावात. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे ‘ओमर खय्याम’ घडवली. 2000मध्ये नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन आली, 2001मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण.

बागाही बदलल्या. खाण्याची द्राक्षे मांडवावर, वाइनच्या वेली तारांवर उभ्या. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना गोडी छाटणी, हे चक्र कायम राहिले. पण फेसाळत्या वाइनसाठी घड आंबटपणा शाबूत असतानाच उतरवतात. पारंपरिक पद्धतीत बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण होते आणि बुडबुडे तिथेच कोंडतात. चाखताना मी आधी तो आंबटपणा शोधतो. इतक्या उन्हात तो राखणाऱ्या आपल्या बागायतदारांचा मला अभिमान वाटतो.